दाटीच्या पटावरचा डाव

(हीरकमहोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



बैठ्या खेळांची चर्चा निघाली की बोलणे बहुधा मोहऱ्यांविषयी होते. हत्तीचे बळ किती, वजिराची धाव कुठवर, वाघाने बकरी कशी मारावी, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगितले जाते. पटाविषयी कोणी काही सांगत नाही. तो गृहीत धरलेला असतो. वास्तविक डावाचा स्वभाव मोहऱ्यांइतकाच, किंबहुना अधिकच, पट ठरवितो. पट विस्तीर्ण असेल तर चुकलेल्या खेळाडूला मागे सरता येते, दुसरीकडे जाऊन नव्याने मांडणी करता येते. पट लहान असेल आणि त्यावर मोहऱ्यांची गर्दी असेल, तर ही सवलत राहत नाही. तेथे प्रत्येक पाऊल कोणाच्या तरी अंगणात पडते. आजचे व्याख्यान अशा दाटीच्या पटाविषयी आहे: प्रथम घरातल्या आणि देवळाच्या पायरीवरच्या खेळांतील पटाविषयी, आणि नंतर बुंदेलखंडाच्या भूमीवरील एका खऱ्या पटाविषयी, म्हणजे झाशीविषयी.

आरंभ साध्या मोजणीने करता येईल. बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरे आणि ३२ मोहरी असतात. म्हणजे डाव मांडला जातो तेव्हाच निम्मा पट भरलेला असतो. आज सर्वत्र रूढ असलेल्या नियमांप्रमाणे पहिल्या खेळाडूला पहिली चाल करण्याचे केवळ २० मार्ग असतात. त्यांपैकी १६ प्याद्यांचे आणि ४ घोड्यांचे. हत्ती, उंट, वजीर आणि स्वतः राजा यांना त्या क्षणी एक घरही हलता येत नाही. पटावरील सर्वांत बलाढ्य मोहरी आपल्याच सैन्याच्या गर्दीत अडकून पडलेली असतात आणि क्षुद्र समजले जाणारे प्यादे व तिरकस उडी घेणारा घोडा हेच तेवढे मोकळे असतात. प्यादी एकमेकांना भिडून पट कुलूपबंद झाला, की उंटापेक्षा घोडा मोलाचा ठरतो, हे प्रत्येक अनुभवी खेळाडू जाणतो. दाटीत लांब पल्ल्याच्या बळाला किंमत राहत नाही. ज्याला अडचणीतून वाट काढता येते, त्याला किंमत येते.

घोड्याच्याच एका जुन्या कोड्यातून लहान पटाचा करडेपणा आणखी स्पष्ट होतो. घोड्याने प्रत्येक घरात एकदाच पाय ठेवून सारा पट फिरून यावा, असे हे कोडे आहे. ६४ घरांच्या पटावर ते असंख्य प्रकारांनी सुटते. पाच ओळींच्या, २५ घरांच्या पटावरही ते सुटते, पण कोठूनही आरंभ करून चालत नाही. त्या पटावर एका रंगाची १३ आणि दुसऱ्या रंगाची १२ घरे असतात. घोडा प्रत्येक उडीला रंग बदलतो, म्हणून आरंभ १३ घरांच्या रंगावरूनच करावा लागतो. पट आणखी एका ओळीने लहान केला, १६ घरांचा केला, की कोडे सुटतच नाही. कितीही बुद्धिमान माणूस बसविला तरी नाही. मोठ्या पटावर जी चूक पुढे सावरून घेता येते, ती लहान पटावर पहिल्या पावलालाच डाव संपवते, आणि फारच लहान पटावर तर चूक न करताही डाव संपतो.

आता नवकंकरीकडे वळू. महाराष्ट्रातील लेण्यांत, नदीच्या घाटांवर, किल्ल्यांच्या पायऱ्यांवर एकात एक तीन चौकोन कोरलेले आढळतात. अनेक पाहुण्यांना ते यंत्र किंवा मंत्राचे चिन्ह वाटते. पहारेकऱ्यांनी, वाटसरूंनी आणि गुराख्यांनी वेळ घालविण्यासाठी कोरलेला तो खेळाचा पट आहे. त्यावर २४ ठिकाणे आणि दोन्ही खेळाडूंच्या मिळून १८ कंकऱ्या असतात. सर्व कंकऱ्या उतरल्या आणि अद्याप एकही मारली गेली नसली, तर सहाच घरे मोकळी उरतात. तीन कंकऱ्या एका रेषेत आणणाऱ्यास प्रतिपक्षाची एक कंकरी उचलण्याचा अधिकार मिळतो. या खेळात नवखा खेळाडू कोपऱ्यांकडे धावतो, कारण कोपरा सुरक्षित वाटतो. जाणता खेळाडू मधल्या चौकोनाच्या बाजूंच्या मध्यावर बसतो. कारण असे: २४ ठिकाणांपैकी १२ कोपऱ्यांतून प्रत्येकी दोनच वाटा निघतात, आठ ठिकाणांतून तीन निघतात आणि केवळ त्या चार मध्यांवरून चार वाटा निघतात. दाटीच्या पटावर घराचे मोल त्याच्या भिंतींवरून ठरत नाही. त्यातून बाहेर पडणाऱ्या वाटांवरून ठरते. राल्फ गॅसर या संशोधकाने १९९३ साली संगणकाच्या साहाय्याने असे सिद्ध केले, की दोन्ही बाजू निर्दोष खेळल्या तर हा डाव बरोबरीत सुटतो. म्हणजे येथे विजय स्वतःच्या पराक्रमाने मिळत नाही. तो समोरच्याच्या चुकीने मिळतो, आणि दाटीत ती चूक लवकर होते.

तिसरा खेळ वाघबकरीचा. याचे पट प्रांतोप्रांती निराळे आहेत. नेपाळात तो ‘बाघचाल’ या नावाने २५ ठिकाणांच्या पटावर खेळला जातो. त्यात चार कोपऱ्यांवर चार वाघ असतात आणि प्रतिपक्षाकडे २० बकऱ्या. वाघ शेजारच्या बकरीवरून पलीकडच्या मोकळ्या घरात उडी घेऊन तिला मारतो. बकरी कोणालाही मारू शकत नाही. सर्व वाघांची कोंडी करणे एवढाच तिचा विजय. एकही बकरी न गमावता वीसच्या वीस पटावर उतरल्या, तर २५ पैकी २४ घरे भरतात आणि एकच घर मोकळे राहते. या खेळातील सारे शहाणपण एका वाक्यात सांगता येते: बकरीचे रक्षण तिच्या पाठीशी उभी असलेली दुसरी बकरी करते. पाठीमागचे घर भरलेले असेल तर वाघाला उडी घेता येत नाही. ते रिकामे असेल तर समोरची बकरी मेलीच म्हणून समजावे. वाघापुढे एकटी बकरी शूर असून उपयोग नाही. तिला जोड हवी.

पाश्चात्त्य देशांत याच विचारावर उभा असलेला एक प्रसिद्ध खेळ आहे. ॲलन कॅल्हॅमर या अमेरिकन गृहस्थांनी रचलेला ‘डिप्लोमसी’ हा खेळ १९५९ साली बाजारात आला. त्याचा पट म्हणजे पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपचा नकाशा. सात सत्ता, ७५ प्रदेश आणि त्यांत रसद पुरविणारी ३४ केंद्रे. त्यांपैकी २२ केंद्रे आरंभीच कोणाच्या ना कोणाच्या ताब्यात असतात. बेवारस अशी १२च. खेळात फासा नाही, दैव नाही. पहिल्या दोनएक वर्षांत, अर्थात पटावरच्या वर्षांत, ही १२ केंद्रे वाटली जातात. त्यानंतर ज्याला वाढायचे असेल त्याने शेजाऱ्याचेच काही घेतले पाहिजे. म्हणून या खेळात सोंगट्या हलविण्यापेक्षा बोलण्यात अधिक वेळ जातो. कोणाशी जुळवून घ्यावे आणि कोणावर विसंबू नये, हे ठरविण्यातच डाव असतो. आजच्या मुलांना ठाऊक असलेल्या ‘सिव्हिलायझेशन’सारख्या संगणकीय खेळांतही हाच अनुभव येतो. नकाशा मोठा निवडला तर निम्मा खेळ नवी भूमी शोधण्यात जातो. नकाशा लहान निवडून त्यावर राष्ट्रे दाट बसविली, की पहिल्या काही चालींतच शेजारी उंबऱ्याशी येऊन उभा राहतो आणि खेळाचा रंग पालटतो.

या सर्व खेळांतून दाटीच्या पटाचे तीन नियम हाती लागतात. पहिला, मोकळे घर राखावे, कारण श्वास तेथूनच घेता येतो. दुसरा, मोहरी एकमेकांना जोडलेली असावीत, कारण तुटलेले मोहरे कितीही मोठे असले तरी वाया जाते. तिसरा नियम सर्वांत कठीण आहे: दाटीच्या पटावर मिळविलेले प्रत्येक घर कोणाचे तरी असते, आणि ज्याचे ते होते तो शेजारी पटावर कायम राहतो. तो विसरत नाही.

बुद्धिबळ आणि बुंदेलखंड यांचा एक जुना ऋणानुबंध येथे सांगण्यासारखा आहे. पैठणहून काशीला जाऊन स्थायिक झालेल्या विख्यात भट्ट घराण्यात सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात नीलकंठ भट्ट हे थोर धर्मशास्त्री होऊन गेले. शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. नीलकंठांचा आश्रयदाता भगवंतदेव हा यमुना आणि चंबळ यांच्या संगमाजवळील भरेह येथील राजा होता. त्याच्या नावाने नीलकंठांनी ‘भगवंतभास्कर’ हा बारा ‘मयूखां’चा ग्रंथ रचला. त्यातील ‘व्यवहारमयूख’ पुढे इंग्रजी अमदानीत मुंबईच्या न्यायालयांत प्रमाण मानला गेला, हे वकीलवर्गास ठाऊक असेल. त्याच ग्रंथातील ‘नीतिमयूखा’त, म्हणजे राजनीतीच्या प्रकरणात, बुद्धिबळाच्या खेळाचे वर्णन आले आहे. राजनीती सांगणाऱ्या शास्त्र्याला आपल्या ग्रंथात पटासाठी जागा करावीशी वाटली. खेळ आणि राज्य यांचे काही नाते आहे, असे त्या काळच्या विद्वानांनाही वाटत होते.

ते नाते किती जवळचे आहे आणि कोठे तुटते, हे पाहण्यासाठी झाशीइतके योग्य स्थळ नाही.

बुंदेलखंडाचा राजकीय नकाशा हा मुळातच दाटीचा. ओरछा, दतिया, समथर, चरखारी, पन्ना अशी संस्थाने, त्यांतून फुटलेल्या जहागिरी, आणि एकाच्या मुलखात दुसऱ्याची गावे. झाशीपासून ओरछा सुमारे १६ किलोमीटर, तर दतिया ३० किलोमीटरच्या आत. आजही झाशी उत्तर प्रदेशात आणि ही दोन्ही ठिकाणे मध्य प्रदेशात आहेत. सकाळी झाशीहून ओरछ्याला जाऊन दुपारी परतणारा प्रवासी दोनदा राज्याची सीमा ओलांडतो. झाशीच्या नगरकोटाला दहा दरवाजे होते. त्यांतील कित्येकांची नावे शेजाऱ्यांची आहेत: ओरछा दरवाजा, दतिया दरवाजा, भांडेर दरवाजा, सागर दरवाजा. नगराच्या प्रत्येक तोंडासमोर कोणीतरी उभे आहे, हे नगरानेच लिहून ठेवले होते.

झाशीचा किल्ला १६१३ साली बांधला तो ओरछ्याचा राजा वीरसिंहदेव याने. पुढे छत्रसालाच्या साहाय्यास १७२९ साली पहिला बाजीराव धावून गेला; त्या उपकाराची फेड म्हणून बुंदेलखंडाचा मोठा हिस्सा पेशव्यांकडे आला आणि मराठ्यांचे पाऊल या पटावर पडले. १७४२च्या सुमारास झाशीचा कारभार नारोशंकर यांच्या हाती आला. नाशिकला गोदाकाठी ज्यांच्या देवळाची घंटा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे नारोशंकर राजेबहादूर. त्यांनी किल्ला वाढविला. तो भाग शंकरगढ म्हणून ओळखला जातो. किल्ल्याभोवती नगर वाढले, महाराष्ट्रातून घराणी आली, गणेशमंदिर उभे राहिले. पुढे नेवाळकरांची सुभेदारी आली आणि १८३२ साली झाशीच्या सुभेदारास इंग्रजांनी राजा हा किताब दिला. मराठी वाचक हा इतिहास अभिमानाने वाचतो, आणि त्यात गैर काही नाही. परंतु पटाच्या पलीकडच्या बाजूला बसून पाहिले, तर ओरछ्याच्या दृष्टीने हीच हकीकत एका गमावलेल्या घराची आहे. आपल्या पूर्वजाने बांधलेला किल्ला १६ किलोमीटरवर दिसावा आणि त्यावर दुसऱ्याचे निशाण असावे, ही गोष्ट शंभर वर्षांत विसरली गेली नाही.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निवर्तले. दत्तक पुत्र दामोदरराव यांचा वारसा लॉर्ड डलहौसीने नाकारला आणि १८५४ साली झाशी खालसा झाली. बेवारस केंद्रे संपलेल्या पटावर इंग्रजांनी घरे मिळविण्याची काढलेली ही युक्ती होती: शेजाऱ्याचे घर बेवारस ठरवायचे. जून १८५७ मध्ये झाशीच्या छावणीत उठाव झाला, इंग्रजांची कत्तल झाली आणि शिपाई दिल्लीच्या वाटेने निघून गेले. मागे राहिलेल्या राणी लक्ष्मीबाईंनी सागर विभागाचे कमिशनर अर्स्किन यांना पत्रे पाठविली. इंग्रजी अंमल परत येईपर्यंत त्यांनी कारभार पाहावा, असे उत्तर आले. त्याच वेळी शेजारी जागे झाले. त्या वर्षीच्या पावसाळ्याअखेरीस ओरछ्याचा दिवाण नथेखाँ सैन्य घेऊन झाशीवर चालून आला. दतियाकडूनही आक्रमण झाले. राणींनी ते परतविले. पण १७४२ची चाल १८५७ साली उत्तर घेऊन आली होती.

२१ मार्च १८५८ रोजी सर ह्यू रोज झाशीसमोर येऊन ठेपला. राणींनी भोवतालचा मुलूख आधीच उजाड केला होता. शत्रूच्या घोड्यांना गवताची काडी आणि माणसांना सावलीचे झाड मिळू नये, ही योजना होती. युद्धशास्त्राच्या दृष्टीने ती अचूक होती. मोठ्या पटावर अशा योजनेने आक्रमकाला उपासमारीने माघार घ्यावी लागली असती. येथे तसे झाले नाही. गवत, सरपण, भाजीपाला हे सारे शिंदे आणि ओरछा यांच्याकडून आपल्या छावणीस मिळाले, असे रोजनेच आपल्या अहवालात नमूद केले आहे. झाशीने स्वतःचे घर रिकामे केले. शेजारचे घर भरलेलेच होते आणि ते शत्रूला खुले होते. तिसऱ्या नियमाची इतकी कठोर प्रचीती इतिहासात क्वचितच दिसते.

दुसऱ्या नियमाची प्रचीती दहा दिवसांनी आली. ३१ मार्चला तात्या टोपे सुमारे वीस हजारांचे सैन्य घेऊन बेतवेच्या काठी आले. टेकडीवर पेटविलेला जाळ पाहून झाशीच्या तटावर हर्षाचा कल्लोळ झाला. रोज दोन्ही बाजूंनी सापडला होता. वेढा उठवून तात्यांशी लढावे तर झाशी सुटणार. वेढ्यात बसून राहावे तर पाठीवर घाव येणार. त्याने वेढा न उठवता दीड हजारांच्या आसपास माणसे काढली आणि १ एप्रिलला तात्यांवर हल्ला केला. तात्यांच्या सैन्याच्या दोन फळ्या होत्या. त्यांत काही मैलांचे अंतर होते. पहिली फळी कोसळली तेव्हा दुसरी तिच्या पाठीशी नव्हती. जंगलाला आग लावून सैन्य बेतवेपलीकडे हटले. किल्ल्यातले सैन्य आणि बाहेरचे सैन्य यांची गाठ पडलीच नाही. बकरीच्या पाठीमागचे घर रिकामे राहिले.

३ एप्रिलला तटाला शिड्या लागल्या. वेढ्याच्या दिवसांत तोफांच्या मोर्च्यांवर स्त्रिया दारूगोळा वाहून नेताना दिसल्याचे रोजने नोंदविले आहे. आता लढाई गल्लीबोळांत आणि घराघरांत आली. ४ एप्रिलच्या रात्री राणी निवडक लोकांसह बाहेर पडल्या आणि भांडेरच्या वाटेने शंभर मैलांच्या घरात असलेल्या काल्पीला पोहोचल्या. हा पहिला नियम: दहा दरवाजांच्या नगरात, चोहोकडून आवळलेल्या वेढ्यात, एक वाट त्यांनी हेरली होती. किल्ल्यात राहून मरण पत्करणे सोपे होते. पटावर टिकून राहणे कठीण होते, आणि त्यांनी कठीण ते निवडले. पुढे काल्पीही गेली. तेव्हा १ जून रोजी राणी, तात्या आणि रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेर घेतले. सारा पट मिटत आला असताना घोड्याने मोहऱ्यांच्या डोक्यावरून मारलेली ती उडी होती. परंतु तेथे मिळालेले दिवस समारंभात गेले. तीन आठवड्यांच्या आत ग्वाल्हेर पडले आणि त्याच लढाईत राणींनी देह ठेवला. त्यानंतर झाशीचे नगर आणि किल्ला इंग्रजांनी १८६१ साली शिंद्यांना दिला व १८८६ साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात परत घेतला. दोन किल्ल्यांची अदलाबदल सोंगट्यांसारखी झाली.

येथेच थांबून एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पटाची उपमा येथवरच चालते. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेले एक गरीब भिक्षुक वेढ्याच्या काळात झाशीत अडकले होते. त्यांनी पुढे लिहून ठेवलेली हकीकत चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली. सेनापतींच्या अहवालात जे नाही ते त्या पुस्तकात आहे: तहान, लपण्याच्या जागा, लुटीचे दिवस, रस्त्यांतली प्रेते. पटावरचे प्यादे मारले गेले तर ते डबीत जाते आणि दुसऱ्या डावाला पुन्हा उभे राहते. झाशीतले कोणी पुन्हा उभे राहिले नाही. मुलांना युद्धाच्या खेळांची गोडी लावताना सेनापतीचा अहवाल आणि भिक्षुकाची हकीकत, दोन्ही त्यांच्या हाती द्यावीत. पहिल्यातून चाल कळते, दुसऱ्यातून चालीची किंमत कळते.

आपल्या पूर्वजांना ही किंमत ठाऊक असावी, असे देशी बुद्धिबळाचा एक जुना नियम पाहून वाटते. त्या खेळात प्रतिपक्षाची सारी मोहरी मारून राजा एकटा उरला, तर त्या अवस्थेला ‘बुर्जी’ म्हणत आणि तो विजय पुरा मानीत नसत. मात द्यायची ती समोरच्याच्या पदरी काही शिल्लक असताना द्यावी. प्याद्याने दिलेली मात, ‘प्यादेमात’, ही तर विशेष मानाची. म्हणून कसलेला खेळाडू जिंकत असतानाही प्रतिपक्षाचे एखादे मोहरे जाणूनबुजून जिवंत ठेवी. नवख्याला हा नियम विचित्र वाटतो: शत्रू निःशेष केला तर विजय उणा कसा? दाटीच्या पटावर राहणाऱ्या समाजाला त्याचा अर्थ सहज कळावा. ज्याच्यासमोर आज बसायचे आहे त्याच्यासमोर उद्याही बसायचे आहे. त्याला नागवून उठविले तर उद्याचा डाव होणार नाही. आणि झालाच, तर तो ओरछ्याच्या दिवाणासारखा शंभर वर्षांचा हिशेब घेऊन येईल.

पालकांच्या मनात एक प्रश्न असतो: मुले खेळात घालवितात तो वेळ सत्कारणी लागतो का? उत्तर खेळावर जितके अवलंबून आहे तितकेच तो कसा खेळला जातो यावर आहे. आज शाळांतून शिकणाऱ्या मुलांच्या वाट्याला विस्तीर्ण पट येणार नाहीत. एका इमारतीत पन्नास बिऱ्हाडे, एका जागेसाठी शेकडो अर्ज, एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन कुटुंबे. त्यांचे आयुष्य दाटीच्या पटावरच जायचे आहे. एकांतात यंत्रासमोर खेळलेल्या डावात शेजारी चेहरा नसलेला असतो. तो हरला की पडदा पुसला जातो. समोरासमोर खेळलेल्या डावात हरलेला मित्र दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर शेजारी बसतो. जिंकणाऱ्याने कसे जिंकले, हे त्याच्या लक्षात असते. जिंकतानाही समोरच्याचे एखादे घर राखावे, हे मूल व्याख्यानाने शिकत नाही. बाकावरच्या त्या शेजारामुळे शिकते.

साठ वर्षे एका शाळेने हेच काम केले आहे. एका वर्गात, एका बाकावर, निरनिराळ्या घरांतली आणि परिस्थितीतली मुले शेजारी बसविली आणि त्यांना एकमेकांना जागा करून द्यायला शिकविले. हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने मोठे संकल्प होतील आणि व्हावेत. त्यांच्या जोडीला एक लहानसा संकल्पही करता येईल. शाळेच्या ओट्यावर किंवा व्हरांड्याच्या फरशीवर नवकंकरीचे तीन चौकोन कायमचे रंगवून घ्यावेत. त्यास एक डबा रंग आणि मैदानातून वेचलेले अठरा खडे एवढेच लागेल. मधल्या सुटीत दोन मुले तेथे बसतील, कोपरा पकडायचा की मध्य, यावर भांडतील, हरतील, आणि घंटा झाल्यावर एकत्रच वर्गात जातील. माजी विद्यार्थ्यांनी पुढच्या वेळी शाळेत आल्यावर त्यांच्यासमोर एक डाव बसून पाहावा.